परक्या हाताची चाचणी

सोमवार, १२ जानेवारी

दादा,

मेल तू उघडत नाहीस, फोन घेत नाहीस, म्हणून कागद. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच केराच्या डब्यात टाकशील, म्हणून वरचा पत्ता आमच्या भांडारातल्या कारकुनाकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. मला तुझ्याकडून एक काम करून हवं आहे.

माझं द्रावण झालं. गंधकाच्या बॅटरीचं. तू आता तिकडच्या प्रयोगशाळेत घनवाल्यांच्या गोटात गेलास, मधला थर घट्ट पाटीसारखा असला पाहिजे असं मानणाऱ्यांच्या, तेव्हा तुझी उजळणी करून देते. एका बाजूला गंधक, दुसऱ्या बाजूला लिथियम, मध्ये आपलं द्रावण. लिथियमने त्यातून ये-जा करायची, की झाली वीज. गंधक मातीमोल मिळतो आणि बॅटरी वजनाला हलकी होते. पण घोडं वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी पेंड खातं. गंधक अर्ध्या वाटेवर द्रावणात विरघळतो, भटकत पलीकडे पोचतो आणि लिथियमलाच खातो. चार दिवस जोरात चालून सेल मान टाकतो.

तू त्यावर भरपूर द्रावण ओतायचास. सेल जगायचे, आलेख सुंदर यायचे. मी भर बैठकीत म्हटलं की एवढं ओतलं तर बॅटरीचं वजन वाढतं, मग हलकेपणा गेला कुठे? ते मी आजही म्हणते आणि उद्याही म्हणेन. तू त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीस, ती तुझी मर्जी.

माझं द्रावण मोजकं घातलं तरी सेल जगतात. एकदा नाही, वर्षभर, प्रत्येक वेळी. पण आपल्या जुन्या संचालक सरांचा नियम तू विसरला नसशील. सर गेले तरी संचालक बाईंनी तो मोडलेला नाही. कुठलंही नवं द्रावण समितीपुढे जाण्याआधी परक्या हातातून निघालं पाहिजे. म्हणजे आपली फजिती झाली तर ज्याला गार वाटेल अशा माणसाने, फक्त आपली लेखी कृती वाचून, स्वतःच्या सामानातून ते बनवायचं. सर म्हणायचे, मित्राचा हात नकळत चुका झाकतो.

इथे ज्यांना मी आवडत नाही त्यांचे हात कच्चे आहेत. ज्यांचे हात पक्के आहेत ते माझ्या बाजूचे. मला पाण्यात पाहणारा आणि हाताचा पक्का असा एकच माणूस मला माहीत आहे.

समिती एप्रिलअखेर बसते. तोवर परक्या हाताचा निकाल आला नाही तर आमची खोली इथल्या घनवाल्यांना मिळणार आणि मी चाचणी कक्षात बसून दुसऱ्यांचे सेल चार्ज होताना बघत राहणार. बाईंनी हे गोड शब्दांत सांगितलं, पण सांगितलं. मी ते होऊ देणार नाही.

कृती सोबत आहे. पानभरच आहे. मला पाल्हाळ लावता येत नाही हे तू जाणतोस.

घरी सगळं ठीक. बाबा बरे आहेत. तुझ्या आणि त्यांच्या मध्ये मी पडत नाही.

ठिणगी

(बाबांच्या बॅटरीच्या दुकानात टोकाला टोक लावून ठिणग्या पाडायची तीच. दुसरी कोणी असेल असं वाटून घेऊ नकोस.)


सोमवार, २ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, माझीच कृती परत पाठवून तिच्या पाठीवर ‘करतो’ एवढं खरडलं आहेस आणि समासात शाळामास्तरासारख्या लाल खुणा. तरी मी तो कागद दोनदा वाचला. शब्दाला किती दिवसांनी शब्द आला म्हणून.

तुझ्या खुणांची उत्तरं देते.

मीठ किती कोरडं? लिथियमचं मीठ तू आपल्या भट्टीत सुकवायचास तसंच. हवाबंद काचेच्या पेटीत न्यायचं, मगच बाटली उघडायची. पेटीबाहेरची हवा लागली की संपलं. तुझ्याकडच्या पेटीचे रबरी हात नवे आहेत म्हणे. आमच्या डाव्या हाताला तू लावलेली चिकटपट्टी अजून आहे. दर महिन्याला गळती तपासतो, सुटत नाही. चांगल्या कामाचं कौतुक मी करते, तू गैरसमज करून घेऊ नकोस.

‘द्रावण किंचित दाट’ या ओळीखाली तू दोन रेघा मारून लिहिलंस, ‘किंचित हे माप नव्हे’. मान्य. तर असं बघ. सुईतून एक थेंब सोड. पाण्याचा थेंब टपकन पडतो. माझ्या द्रावणाचा थेंब टोकाशी क्षणभर लोंबकळतो, जावं की न जावं असा विचार केल्यासारखा, आणि मग पडतो. एवढं दाट.

सगळ्या द्रव्यांची नावं कृतीत आहेत. त्यातला एक द्रावक वलयाच्या रेणूंचा आहे, तो ताजा घे. जुनी बाटली तुमच्या घनवाल्यांच्या कपाटात धूळ खात पडली असेल ती नको.

आणखी काय लिहू? हिवाळा कडक आहे. कामाच्या खोलीतला हीटर खोकतो. मी सध्या एक नवी कला शिकते आहे, दुसऱ्याची दाढी करण्याची. कोणाची ते विचारू नकोस. हनुवटीखालची जागा फार अवघड असते, आणि बसलेला माणूस मध्येच हसला तर आणखीच.

तू ‘करतो’ म्हणालास, पण कधी ते नाही लिहिलंस. लवकर कर. मला थांबायची सवय नाही.

ठिणगी


बुधवार, २५ फेब्रुवारी

दादा,

आलेख मिळाले. सगळे सेल मेले. एकही जगला नाही. द्रावण तांबूस झालं, गंधक पलीकडे पोचला, लिथियमवर काळा थर. तू फोटोही काढलेस, चांगल्या उजेडात, अगदी लग्नातल्या फोटोग्राफरच्या हौसेने.

खाली तुझी एक ओळ, ‘थेंब लोंबकळत नाही. टपकन पडतो.’

मी उगाच घुमवत नाही, सरळ विचारते. तू मुद्दाम केलंस का?

वर्षभर माझ्या हातून एकही सेल असा मेला नाही. तीच कृती, तीच द्रव्यं. माझ्याकडे थेंब लोंबकळतो आणि तुझ्याकडे पडतो, तर तुझ्याकडे गुरुत्वाकर्षण जास्त आहे का? नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होते. पण तुला नाचता येतं हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच राग येतो. कच्च्या हाताच्या माणसाने बिघडवलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

संचालक बाईंना मी निकाल दाखवला. दाखवायचा नाही असा विचार एकदाही मनात आला नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते. त्या चष्मा काढून म्हणाल्या, “अगं, परका हात कशासाठी असतो? यासाठीच. खोली रिकामी करायची तयारी ठेव.” मी म्हटलं, “एप्रिलला अवकाश आहे.” त्या म्हणाल्या, “तुझ्या तोंडून अवकाश हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.”

घनवाल्यांचा मुकादम दुपारी खोलीत येऊन टेबलांची मापं घेऊन गेला. हातात टेप होता. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की माप चुकलं तर पुन्हा यावं लागेल, तेव्हा मेच्या पहिल्या आठवड्यात ये.

तू मुद्दाम केलं असशील तर तसं लिही. नसशील तर काय चुकलं ते सांग. पण गप्प बसू नकोस. आपल्या घरात गप्प बसणारे पुष्कळ झाले.

ठिणगी


बुधवार, ४ मार्च

दादा,

तू फोडून काढलंस मला. बरं केलंस. अख्खं पानभर शिव्या, तेही शुद्धलेखनाची एक चूक न करता.

‘तुझ्यावर राग काढायचा असता तर मी बैठकीत काढला असता, सेलवर काढला नसता. सेलने माझं काय वाकडं केलंय?’ हे वाक्य मी माझ्या टेबलाच्या वर चिकटवून ठेवलं आहे. मुद्दाम केलंस हा माझा शब्द मी मागे घेते. बाकीचे शब्द तिथेच राहू देत.

आणि तू शेवटी जे लिहिलंस, की उचलली जीभ लावली टाळ्याला असं न करता स्वतःची कृती एकदा अनोळखी माणसासारखी वाच आणि तिच्यात आहे तेवढंच कर, ते मी केलं.

काल, मंगळवारी. सकाळी पेटीत हात घातले. कागद काचेला बाहेरून चिकटवला. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली आणि तेवढंच केलं. शेजारच्या टेबलावरचा तंत्रज्ञ म्हणाला, “बाई, कुणाशी बोलताय?” मी म्हटलं, “एका मूर्ख बाईने कृती लिहिलीय, तिच्याशी.”

मीठ विरघळलं. सुई भरली. थेंब सोडला.

टपकन पडला.

मी दुसरा सोडला. तोही पडला. दादा, माझा हात, माझी पेटी, माझी बाटली. तरी लगेच काचेच्या सेलमध्ये भरून बघितलं, आणि आज सकाळी येऊन पाहते तर गंधकाच्या बाजूने तांबूस धुरकट रेघ पसरत चालली होती. तुझ्या फोटोतलीच.

म्हणजे तू बरोबर केलंस आणि कृती चुकीची आहे. आणि तरीही वर्षभराचे माझे सेल खोटे नाहीत, ते मागच्या रॅकवर आत्ता या घटकेला चालू आहेत. मी काहीतरी करते जे मी लिहिलेलं नाही, आणि काय करते ते मलाच माहीत नाही. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि इतकी हुशारीही आली नव्हती. चुकीला नाव नसतं तोवर भीती वाटते. आता निदान ती याच खोलीत आहे एवढं कळलं.

मी शोधून काढते. तू सामान आवरू नकोस.

ठिणगी


सोमवार, १६ मार्च

दादा,

सापडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी सगळं तपासलं होतं. तराजू, झाकणांतल्या चकत्या, पेटीतली हवा, मिठाची जुनी पिशवी आणि नवी पिशवी. तंत्रज्ञाला माझ्या मागे उभं करून सांगितलं की माझे हात कागदात नसलेलं काही करतात का बघ. तो बिचारा दिवसभर उभा राहिला आणि म्हणाला, “तुम्ही फक्त पुटपुटता, बाई.” ते कृतीत घालणं शक्य नाही.

ते मंगळवारचं मेलेलं द्रावण मी रागाने पेटीच्या कोपऱ्यात सारून ठेवलं होतं. टाकून द्यायचं राहूनच गेलं. पुढच्या सोमवारी बाटली बाजूला करताना द्रावण आत हललं आणि मला त्याची चाल ओळखीची वाटली. सुई भरली. थेंब टोकाशी लोंबकळला.

मी आजवर द्रावण नेहमी शुक्रवारी दुपारी बनवत आले, आणि सेल भरत आले सोमवारी. शुक्रवारी झाकण लावायचं आणि निघायचं. आल्यावर भरायचं. मधले दिवस मी मोजलेच नाहीत, कारण त्या दिवसांत मी काही करत नव्हते. काही न करण्याला पायरी म्हणतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

ते दिवस द्रावणाने मात्र फुकट घालवले नाहीत. त्यातल्या वलयाच्या द्रावकाला मिठाच्या सहवासात हळूहळू तोंड फुटतं, वलयं उघडतात आणि एकमेकांचे हात धरून लांब माळा होतात. फार नाही, थोड्याच. तेवढ्या माळांमुळे लिथियम आरामात जातो आणि गंधकाची भटकंती थांबते. तू आणि मी मंगळवारी-बुधवारी बनवून त्याच दिवशी भरलं, तेव्हा माळा झाल्याच नव्हत्या. ‘किंचित दाट’ असं मी लिहिलं ते खरं होतं, पण ते कशाने होतं याचा मला पत्ता नव्हता. तू ‘टपकन पडतो’ म्हणून सांगत होतास, आणि मी तुझ्या गुरुत्वाकर्षणाची थट्टा करत होते.

नवी कृती जोडली आहे. एकच ओळ वाढली आहे. शुक्रवारी बनवून घट्ट झाकण लावावं, खोलीच्या तापमानाला ठेवावं, सोमवारी वापरावं. हलवू नये, उघडू नये, मध्ये बघूही नये.

शनिवार-रविवार मी सुटी घेते, म्हणून हे असं घडलं. बाकी काही नाही.

पुन्हा कर. दिवस कमी उरलेत, पण पुरतील. मुकादम परवा टेप विसरून गेला होता, तो मी जपून ठेवला आहे.

ठिणगी


सोमवार, १३ एप्रिल

दादा,

आलेख भिंतीवर लावला. रेघ सरळ जाते आहे, जशी जायला हवी तशी. तंत्रज्ञाने चहा मागवला. मी तुझ्या आलेखाला हात लावून बघितला, कागदच आहे ना म्हणून. आनंदाने माणूस असं काहीही करतं.

तुझ्या हातून झालं याचा आनंद वेगळा आहे. तो सांगता येत नाही, तरी सांगते. तू गेल्यापासून मी जे जे केलं, ते कोणाला दाखवावंसं वाटलं तर तुलाच. आणि तू नव्हतास.

आता तुझ्या दुसऱ्या पानाबद्दल.

परक्या हाताने शेवटी लिहून द्यायचं असतं की कृतीत काही दडवलेलं नाही. तू म्हणतोस की ते तू लिहून देणार नाहीस. तुझे शब्द उतरवते, म्हणजे तू नंतर नाकबूल होणार नाहीस. ‘ही पायरी तुझी नव्हे, ठिणगे. तू जन्मात कशासाठी थांबली नाहीस. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण घरात तुझ्याचसाठी होती. शनिवार-रविवारी तू प्रयोगशाळेत चटई टाकून राहायचीस, मी तुला उठवून जेवायला न्यायचो. ती मुलगी दर शुक्रवारी दुपारी झाकण लावून कुठे जाते? कोणासाठी? आणि दाढी कोणाची करतेस? हे कळल्याशिवाय सही नाही.’

दाढीचं मी लिहायला नको होतं.

दादा, मी कुठे जाते ते मी सांगणार नाही. मी एका माणसाला शब्द दिला आहे. त्याचा द्रावणाशी संबंध नाही. द्रावणाला एवढंच कळतं की त्याला कोणी दोन दिवस हात लावला नाही. तेवढं खरं आहे, आणि ते मी लिहिलं आहे.

सही करायची तर कर. नाही केलीस तर खोली जाईल, आणि मी मनावर दगड ठेवून चाचणी कक्षात बसेन. मग तिथून पुन्हा सुरुवात करेन, कारण मला दुसरं काही येत नाही आणि हे अर्धवट सोडवतही नाही. पण सहीसाठी शब्द विकणार नाही. माझ्या जागी तू असतास तर तूही विकला नसतास.

समिती २८ तारखेला आहे.

ठिणगी


रविवार, ३ मे

दादा,

तुझं पाकीट समितीच्या आदल्या दिवशी आलं. आत सही केलेला कागद, आणि चिठ्ठी, ‘दडवलेलं काही नाही असं लिहून दिलं आहे. तू म्हणालीस म्हणून. उत्तर नको.’

समितीत संचालक बाईंनी तुझा कागद वाचला आणि विचारलं, “हा परका हात म्हणजे तुझा सख्खा भाऊ ना?” मी म्हटलं, “हो. बैठकीपासून माझ्याशी बोलत नव्हता.” एक वयस्कर सभासद म्हणाले, “मग याहून परका कुठून आणणार?” सगळे हसले. खोली राहिली. पुढच्या वर्षी मोठे सेल करायचे आहेत. मुकादमाचा टेप मी परत केला.

काम झालं. म्हणून आता हे पत्र लिहिते आहे. तू विनाअट सही केलीस, तेव्हा आता मी जे सांगेन ते सहीच्या बदल्यात सांगितलं असं तुला म्हणता येणार नाही. मलाही नाही.

हे पत्र मी बाबांच्या टेबलावर लिहिते आहे. ते समोर खिडकीशी बसले आहेत. दाढी झाली आहे.

दीड वर्षापूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराच परत आला, काठी घेऊन जिना उतरतात. हात फारसा नाही. शब्द शोधावे लागतात, सापडतात, पण एकेक. सोमवार ते शुक्रवार शेजारच्या काकू असतात. शुक्रवार दुपारपासून मी. दुकान बंद आहे. दवाखान्यातच त्यांनी माझा हात धरून शब्द घेतला. मोठ्याला सांगायचं नाही. मी कारण विचारलं. शोधून शोधून म्हणाले, “कीव... करायला... यायचा.” त्या वेळी त्यांना एवढं बोलायला जे कष्ट पडले ते बघून मी हो म्हटलं. ‘बाबा बरे आहेत’ असं मी तुला लिहीत राहिले. त्या दिवसापासून ते खरंच थोडे थोडे बरे होत आहेत, म्हणून मला ते धड खोटंही वाटत नव्हतं.

काल मी त्यांना सांगितलं, “बाबा, मी दादाला सगळं लिहिणार आहे.”

“नको.”

“परवानगी मागत नाही. तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगते.”

त्यांनी तोंड फिरवलं. मग मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना सगळी गोष्ट सांगितली. कृती, मेलेले सेल, मी तुला दिलेल्या आणि तू मला दिलेल्या शिव्या, कोपऱ्यातली बाटली. त्यांनी आयुष्यभर बॅटऱ्या भरल्या, त्यांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही. म्हटलं, “तुमच्याकडे यायला मी शुक्रवारी निघते, म्हणून द्रावण तसंच राहतं आणि म्हणून ते चालतं. तुमच्याकडे येणं लपवायचं होतं म्हणून ते दिवस मी मोजलेच नाहीत, आणि कृती लंगडी झाली. आणि दादाने ती लंगडी कृती जशीच्या तशी केली, एक थेंब इकडचा तिकडे केला नाही.”

त्यांनी फिरवलेलं तोंड परत माझ्याकडे वळवलं. मग विचारलं, “त्याच्या हातून... झालं?”

“झालं.”

“माझ्या... मुळे?”

“तुमच्यामुळे, माझ्यामुळे, त्याच्यामुळे. पण सुरुवात तुमच्यापासून.”

ते हसले. अर्ध्या तोंडाने हसतात आता, त्याची तुला सवय करावी लागेल. हसता हसता डोळे पुसायला डावा हात वर गेला, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

दादा, आई आजारी होती तेव्हा तू फोनवर जे म्हणालास ते बाबांनी कधी माझ्याजवळ काढलं नव्हतं. काल काढलं. तू म्हणाला होतास, “सेल चालू आहेत, सोडून येता येत नाही.” आणि तू पोचलास तेव्हा सगळं झालं होतं, आणि बाबा दारात म्हणाले, “जा, तुझे सेल सांभाळ.” ते वाक्य म्हणाल्यापासून ते रोज स्वतःवर चिडत आले आहेत. तुझ्यावर नाही. हेही मला कालच कळलं. एवढी वर्षं मी तुमच्यामध्ये पडत नाही म्हणून शहाणपणा मिरवत होते. पडायला हवं होतं.

मी विचारलं, “मग दादाला काय लिहू?”

ते शब्द शोधत राहिले. मी मध्ये शब्द पुरवला नाही, त्यांना ते आवडत नाही. शेजारच्या काकू डोकावून चहा ठेवून गेल्या, तो निवला. शेवटी एकेक शब्द हाताने खाली ठेवल्यासारखं म्हणाले, “आता... सोडून यायचं... कृतीतच... लिहिलंय... म्हणावं.”

मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं, नीट ऐकलं याची खात्री करायला. तेच म्हणाले.

तेव्हा ऐक. कीव करायची असेल तर तिथेच राहा, इथे ती कोणाला नको आहे. भांडायचं असेल तर ये, मी तयार आहे, बैठकीतलं माझं म्हणणं अजून तेच आहे. बाबांना हाताचे व्यायाम करायचा कंटाळा येतो आणि माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. दुपारचं विमान संध्याकाळी इथे पोचतं.

शुक्रवारी द्रावण बनव, झाकण घट्ट लाव आणि नीघ. सोमवारपर्यंत त्याला तुझी गरज नाही.

ठिणगी